खाणीपासून विहिरीपर्यंत: अणुकचरा भूजलातून कसा सरकतो आणि ते आम्ही कसं ठरवतो

खानापूर तालुक्यातल्या नंदगडच्या पुढच्या एका गावातल्या शेतकरी भावाने विचारलं आहे. त्यांच्या शिवारापासून अडीच किलोमीटरवर दगडाची एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. कैगाच्या अणुवीज प्रकल्पाचा अणुकचरा त्या खाणीत आणून पुरणार, असा मेसेज गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय, सोबत ड्रिलिंगच्या गाडीचा फोटो. त्यांच्याकडे ४५ फुटांची विहीर आहे आणि ४२० फुटांचं बोअर. ते म्हणतात, "असा कचरा जमिनीतल्या पाण्यातून किती वर्षांत आमच्यापर्यंत येईल हे तज्ज्ञ कसं ठरवतात? आणि आम्ही आत्तापासून बोअर बंद करावं का?"

बोअर बंद करू नका. तशी वेळ आलेली नाही. पण तुमचा प्रश्न त्या मेसेजपेक्षा मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी बेळगावची. सत्तावीस वर्षं भूजलाचं काम करते आणि त्यातली बरीच खानापूर, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात गेली. किरणोत्सर्गी पदार्थांच्या मूल्यांकनात माझा वाटा पाण्याच्या बाजूचा: पाणी कुठून कुठे जातं, किती वेळात जातं आणि वाटेत त्याचं काय होतं. किरणांचं मोजमाप करणारे वेगळे असतात.

आधी मेसेजचं बघू. आपल्याकडे किरणोत्सर्गी कचरा कुणी ट्रक भरून आणून खाणीत ओतू शकत नाही. त्यासाठी १९८७ सालचे स्वतंत्र नियम आहेत आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते. हातमोजे, फडकी, गाळण्या, सिमेंटमध्ये घट्ट केलेला गाळ असा कमी आणि मध्यम तीव्रतेचा कचरा त्या त्या प्रकल्पाच्या ठिकाणीच, काँक्रीटचे चर बांधून त्यात ठेवतात. अतितीव्र कचरा वापरलेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया करताना निघतो. तो काचेत मुरवून पोलादी डब्यात बंद करतात, आणि ती कामं तारापूर, तुर्भे, कल्पक्कम इथे चालतात. खोल खडकात कायमचं पुरण्याची जागा भारतात अजून झालेलीच नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९८० च्या दशकात एक प्रयोग झाला होता, पण तो खडक तापवून त्याचं काय होतं ते बघण्याचा. कचरा तिथे पुरला नव्हता. तरी २०१२ साली तिथे अणुकचरा येणार अशी बातमी पसरली आणि लोक रस्त्यावर उतरले. त्यामुळे तुमच्या गावातली धास्ती मी हसण्यावारी नेत नाही.

ड्रिलिंगच्या गाडीबद्दल सांगायचं तर बैलहोंगल तालुक्यातल्या देशनूरच्या बाजूला युरेनियमच्या खनिजासाठी सरकारी सर्वेक्षण झालेलं आहे. खनिज शोधायला पाडलेलं भोक आणि कचरा पुरायची जागा यांचा एकमेकांशी संबंध नाही. अशी भोकं काम झाल्यावर नीट बुजवली का, हा मात्र विचारण्यासारखा प्रश्न आहे. त्याकडे पुढे येते.

कैगाचंही एकदा स्पष्ट करू. कैगा उत्तर कन्नडमध्ये, घाटाखाली, काळी नदीच्या काठी आहे. तिथे २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत. बेळगावपासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर दक्षिणेला. काळी नदी पश्चिमेला वाहत कारवारला समुद्राला मिळते. तुमची मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. दोन्हींच्या मध्ये घाटमाथ्याचा पाणलोट आहे. खानापूर तालुक्याच्या नैर्ऋत्येचे काही ओढे काळीच्या खोऱ्यात उतरतात, पण ते कैगाच्या वरच्या अंगाला. म्हणजे पाणी आपल्याकडून तिकडे जातं. कैगाच्या जमिनीत उद्या काही मुरलं तरी ते चढ चढून तुमच्या विहिरीत यायला पाण्याजवळ वाट नाही.

ही शेवटची दोन वाक्यं मी कुठलंही किरणमापक यंत्र न वापरता लिहिली, हे लक्षात घ्या. मूल्यांकनाची सुरुवात अशीच होते. लोकांना वाटतं की तज्ज्ञ येणार, टिकटिक करणारं यंत्र लावणार आणि आकडा सांगणार. आम्ही आधी नकाशा पसरतो आणि विहिरींच्या काठावर टेप घेऊन बसतो.

आता मेसेज बाजूला ठेवू आणि समजू की त्या खाणीत खरंच काही आहे. अणुकचरा असो, कारखान्याचं रसायन असो, काम त्याच रीतीने करायचं. "किती वर्षांत येईल" या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेत. खाणीतलं पाणी तुमच्या दिशेला येतं का? येत असेल तर किती वेगाने? आणि त्या पाण्यात जे विरघळलंय ते पाण्याच्याच वेगाने येतं की मागे रेंगाळतं? पहिल्याचं उत्तर तुम्ही स्वतः काढू शकता. दुसऱ्याचं उत्तर खडकावर अवलंबून आहे आणि तिथेच सगळे चुकतात, अनुभवी माणसंसुद्धा. तिसरं प्रयोगशाळेचं काम.

दिशेचं आधी. भूजल उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे जातं. जमिनीचा उतार म्हणजे पाण्याच्या पातळीचा उतार असेलच असं नाही, पण बहुतेक वेळा जवळपास असतो. एका रेषेत नसलेल्या तीन विहिरी घ्या. तिन्हींच्या काठांची उंची एकाच खुणेपासून मोजा. त्यातून पाणी किती खोल आहे ते वजा करा. तीन पातळ्या मिळाल्या की कागदावर त्रिकोण काढून उताराची दिशा सांगता येते. काठांची उंची मोबाइलवर बघून घेऊ नका, ती काही मीटरने चुकते आणि इथे खेळ अर्ध्या-एक मीटरचा असतो. रस्त्याच्या कामावरचा लेव्हलवाला अर्ध्या दिवसात हे करून देतो.

विहिरीची पातळी आणि बोअरची पातळी एकाच त्रिकोणात मात्र घालू नका. तुमच्या ४५ फुटांच्या विहिरीतलं पाणी वरच्या मुरमातलं, सुट्या झालेल्या खडकातलं आहे. ४२० फुटांच्या बोअरमधलं पाणी खोल भेगांतलं. दोघांची वाट वेगळी, वय वेगळं. कधीकधी दिशाही वेगळी.

आणि दिशा बदलते. हे मी माझ्या चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी उसाच्या पट्ट्यात एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या खड्ड्याचं काम माझ्याकडे होतं. पातळ्या मोजल्या, उतार पूर्वेला निघाला, म्हणून पूर्वेच्या विहिरी धोक्यात आहेत असं अहवालात लिहिलं. दीड वर्षाने पाणी बिघडलं ते पश्चिमेच्या, वरच्या अंगाच्या विहिरीचं. तिच्याजवळ दोन नवी बोअरं झाली होती आणि वीज असेल तेव्हा रात्रंदिवस चालत होती. त्या उपशाने आसपासची पातळी इतकी खाली गेली की पाणी उलटं फिरलं. माझं मोजमाप बरोबर होतं, पण मी एकाच दिवशी मोजलं होतं. तेव्हापासून मी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एकदा आणि दसरा-दिवाळीच्या मध्ये एकदा, अशी निदान दोनदा पातळी घेतल्याशिवाय दिशेबद्दल काही लिहीत नाही. आणि कोणाचा पंप किती तास चालतो हे घरोघर जाऊन विचारते. त्या विहिरीवर ज्यांचं घर चालत होतं त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

आता वेग. फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना हेन्री डार्सी या इंजिनियरने १८५६ साली जो नियम मांडला, तोच आजही वापरतो. खडकातून पाणी किती सहज जातं त्या आकड्याला, म्हणजे पारगम्यतेला, पातळीच्या उताराने गुणायचं आणि पाणी ज्या मोकळ्या जागेतून खरंच वाहतं त्या जागेच्या प्रमाणाने भागायचं. तुमच्या अडीच किलोमीटरसाठी करून दाखवते. उतार शंभर मीटरला एक मीटर धरू.

समजा वाटेत सगळा सारखा मुरूम आहे. पारगम्यता दिवसाला एक मीटर, मोकळी जागा २० टक्के. पाण्याचा वेग निघतो दिवसाला पाच सेंटिमीटर, वर्षाला साधारण १८ मीटर. अडीच किलोमीटरला जवळजवळ १३७ वर्षं.

आता समजा वाटेत मुरूम नसून भेगांचा खडक आहे. पारगम्यता दिवसाला दोन मीटर, फक्त दुप्पट. पण पाणी भेगांतूनच वाहतं आणि भेगा खडकाच्या अर्धा टक्काच. वेग निघतो दिवसाला चार मीटर. अडीच किलोमीटरला ६२५ दिवस, म्हणजे पावणेदोन वर्षांच्या आत.

खाण तीच, विहीर तीच, उतार तोच. १३७ वर्षं आणि पावणेदोन वर्षं यांच्यातला फरक खडकाबद्दल आपण काय समजतो त्यावर उभा आहे. म्हणून कुणी जागेवर न येता फोनवर "शंभर वर्षं तरी काही होत नाही" असं सांगितलं, किंवा "दोन वर्षांत सगळं संपलं" असं सांगितलं, तर दोघांनाही विचारा: खडक कुठला धरला?

आणि आपला बेळगाव जिल्हा या बाबतीत फार अवघड. निपाणी, चिकोडीकडे काळ्या कातळाचे थरावर थर आहेत. दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यातून आणि लाल मातीच्या पातळ थराच्या आधाराने पाणी आडवं लांबवर जातं. गोकाकचा धबधबा ज्यावरून कोसळतो तो क्वार्टझाईट टणक आहे. स्वतः पाणी धरत नाही, पण तडा गेला तर त्यातून पाणी सपाट्याने जातं. रामदुर्गच्या पुढे कलादगीच्या चुनखडीत पाण्याने विरघळून पोकळ्या झालेल्या असतात. तिथे तर वरची आकडेमोड घालायलाच नको, जमिनीखाली ओढा वाहतो असं समजायचं. तुमच्या बाजूला खाली जुना शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा खडक, आणि उंचवट्यांवर जांभा.

जांभ्यावर जरा थांबते, कारण खानापूरकडच्या लोकांना तो घराच्या चिऱ्यापुरताच माहीत असतो. चिरा हातात घेऊन बघा, त्यात बोटं जातील अशी आरपार भोकं दिसतात. जमिनीत ही भोकं एकमेकांना जोडलेली असतात. खाली पिवळट-पांढरी चिकणमाती लागते, तिच्यातून पाणी सहसा उतरत नाही. म्हणून पावसात जांभ्यात शिरलेलं पाणी चिकणमातीवरून आडवं धावतं आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. एकदा जांभ्यातल्या एका खड्ड्यात आम्ही मीठ विरघळवून ओतलं आणि साठ मीटरवरच्या विहिरीत पाण्याचा खारटपणा तपासत बसलो. पुस्तकी आकड्याने त्याला महिने लागायला हवे होते. मीठ दीड दिवसात आलं. पण महिन्याभरानेही येतच होतं, थोडं थोडं. मोठ्या भोकांतून गेलेलं लवकर पोचलं आणि चिऱ्याच्या बारीक पोटात शिरलेलं सावकाश बाहेर पडत राहिलं. असे मीठ किंवा रंग टाकून केलेले प्रयोग मला दहा संगणकी नकाशांपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात. लोक मात्र संगणकाच्या रंगीत नकाशावर चटकन विश्वास ठेवतात.

आता तिसरा प्रश्न, पाण्यात काय आहे. "अणुकचरा" हा एक पदार्थ नाही, डझनावारी पदार्थांचं मिश्रण आहे आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. कार्तिकात आपण द्रोणात दिवे लावून नदीत सोडतो ते आठवा. सगळे एकदम सुटतात. काही मधल्या धारेला लागून सरळ जातात. काही काठच्या लव्हाळ्याला अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. आणि प्रत्येकात तेल किती ते ठरलेलं. लांबच्या घाटावर उभं राहून तुम्ही विचारता, माझ्यापर्यंत जळता दिवा येईल का? त्याचं उत्तर धार, लव्हाळा आणि तेल या तिन्हींचा हिशेब केल्यावरच मिळतं. भूजलात धार म्हणजे वर काढलेला वेग. लव्हाळा म्हणजे माती-खडकाला चिकटणं. तेल म्हणजे अर्धायुष्य, किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ.

ट्रिटियम हा हायड्रोजनचाच भाऊ. तो पाण्याचाच भाग होऊन जातो, कशालाही चिकटत नाही, सरळ धारेने जातो. पण त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षांचं. मुरमाच्या वाटेने १३७ वर्षं लागली तर येईपर्यंत दोन हजारांतला एक भागही उरत नाही. भेगांच्या वाटेने पावणेदोन वर्षांत आला तर दहातले नऊ भाग शिल्लक.

सीझियम-१३७ चं अर्धायुष्य साधारण ३० वर्षं. पण तो मातीला घट्ट चिकटतो, विशेषतः अभ्रकाच्या जातीच्या पापुद्र्यांमध्ये जाऊन अडकतो. मातीच्या एका ग्रॅमला तो किती चिकटतो याचा प्रयोगशाळेतला आकडा मध्यम, म्हणजे शंभर, धरला तरी आपल्या मुरमात सीझियम पाण्याच्या आठशेपट सावकाश सरकतो. वर्षाला सव्वादोन सेंटिमीटर. तीनशे वर्षांत, म्हणजे दहा अर्धायुष्यांत, त्याचा हजारावा भाग उरतो, आणि तोवर तो गेलेला असतो जेमतेम सात मीटर. स्ट्रॉन्शियम-९० चं अर्धायुष्य जवळपास तेवढंच, २९ वर्षं, पण त्याची पकड सैल. दहाचा आकडा धरला तर तो तीनशे वर्षांत साठ-सत्तर मीटर जाईल. कमी-मध्यम कचऱ्याच्या जागेवर तीनशे वर्षं देखरेख ठेवायची अशी जी भाषा ऐकू येते ती या दोघांच्या हिशेबातून आलेली.

आयोडिन-१२९ आणि टेक्नेशियम-९९ यांची गोष्ट वेगळी. पहिल्याचं अर्धायुष्य दीड कोटी वर्षांहून जास्त, दुसऱ्याचं दोन लाखांहून जास्त, आणि हवा खेळत्या पाण्यात दोघेही फारसे चिकटत नाहीत. तेल न संपणारे आणि लव्हाळ्याला न अडकणारे दिवे. दीर्घकाळाच्या मूल्यांकनात शेवटी यांच्यावरच रात्री जागवाव्या लागतात. वेग किती का असेना, येणार हे धरूनच चालायचं. मग प्रश्न उरतो किती पातळ होऊन येणार, आणि ते प्यायलं तर किती मात्रा होते, म्हणजे शरीराला किती किरणोत्सर्ग लागतो. म्हणूनच असा कचरा काचेत, पोलादात, चिकणमातीच्या वेष्टनात ठेवून मुळात पाण्याला भेटूच द्यायचा नाही, यावर सगळा भर असतो.

चिकटण्याचे हे आकडे पुस्तकातून उचलायचे नसतात. अथणीच्या काळ्या मातीत जो आकडा मिळेल तो खानापूरच्या लाल मातीत मिळणार नाही. काळी माती फुगणारी, तिची पकड मोठी. जांभ्याखालच्या पांढऱ्या मातीची कमी. शिवाय मुरमात दाण्यादाण्याला चिकटायला जागा असते, भेगेत फक्त दोन भिंती. आणि पाण्याचं रसायनही बदलतं. युरेनियम लोहाच्या लाल गंजाला चांगलं चिकटतं, पण पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर तेच सुटून पाण्याबरोबर चालू लागतं. अमेरिकेतल्या हॅनफर्डला अणुकचऱ्याच्या टाक्यांतून गळलेल्या द्रावात सोडियम इतकं होतं की सीझियमला चिकटायला जागा उरली नाही आणि तो अपेक्षेपेक्षा खोल गेला. तिथल्याच नेवाडाच्या अणुचाचणीक्षेत्रात प्लुटोनियम १.३ किलोमीटर दूरच्या भूजलात सापडलं. प्लुटोनियम तर खडकाला घट्ट चिकटणारं. ते आलं पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर बसून, हे १९९९ साली प्रसिद्ध झालं. उलट आफ्रिकेत गॅबॉनमधल्या ओक्लोला जवळजवळ दोन अब्ज वर्षांपूर्वी निसर्गातच अणुविखंडन घडलं होतं. तिथे तयार झालेलं प्लुटोनियम जागेवरच राहून क्षय पावलं. दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत. कुणी त्यातली एकच सांगून घाबरवत किंवा निर्धास्त करत असेल तर दुसरीही विचारा.

इथवरचं थोडक्यात: दिशा पातळ्यांवरून कळते आणि ऋतू व उपशाप्रमाणे बदलते. वेग खडकावर, विशेषतः भेगांवर, आणि त्यातच सगळ्यात मोठी अनिश्चितता. पदार्थाचा वेग पाण्याच्या वेगाहून बहुधा कमी, पण सगळ्यांचा नाही. चांगल्या अहवालात म्हणून एक आकडा नसतो. "असं असेल तर इतकी वर्षं, तसं असेल तर तितकी" असा पट्टा असतो, आणि वाईटात वाईट शक्यता धरूनसुद्धा पिण्याच्या पाण्यातली मात्रा मर्यादेत राहते का, ते बघायचं असतं.

आता बुजवायच्या भोकांकडे येते, कारण खरी चोरवाट तीच. आपल्याकडे बोअर मारताना केसिंग वरच्या मातीपुरतं, कातळ लागेपर्यंत घालतात. खाली भोक उघडं. पाणी लागलं नाही तर दगड ठेवून माणसं निघून जातात. असं कोरडं बोअर म्हणजे वरचं घाण पाणी खोल भेगांत उतरवणारा नळ. चिकणमातीचा जो थर हजारो वर्षं आडवा होता त्याला आपण चार तासांत भोक पाडतो. त्या अडीच किलोमीटरच्या पट्ट्यात अशी किती बोअरं आहेत हे ग्रामपंचायतीतही लिहिलेलं नसेल. मी मूल्यांकनाला गेले की पहिले दोन दिवस यातच जातात: म्हातारी माणसं, बोअरवाले, पाणाडे यांना घेऊन शिवार फिरायचं आणि मेलेली बोअरं नकाशावर टाकायची. हे तुम्ही आजच सुरू करू शकता. कोरडी बोअरं चिकणमाती आणि सिमेंटने तळापासून वरपर्यंत बुजवा, नुसतं झाकण पुरत नाही.

पाणी तपासायचं का? हो, पण मेसेजच्या भीतीने नको. आपल्याकडे किरणोत्सर्गाचा जो विचार खरंच करायला हवा तो खडकातल्या नैसर्गिक युरेनियमचा. पूर्व कर्नाटकातल्या ग्रॅनाईटच्या भागात खोल बोअरांच्या पाण्यात ते मर्यादेबाहेर सापडलेलं आहे. आपल्याकडे खडक वेगळा आहे, पण ४२० फुटांच्या बोअरचं पाणी पिण्यात असेल तर एकदा बघून घ्यावं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात युरेनियमची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, एकूण अल्फा किरणोत्सर्गाची ०.१ बेकरेल आणि बीटाची १ बेकरेल. (अल्फा, बीटा हे किरणांचे प्रकार, बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक.) सोबत नायट्रेटही बघा. उसाला घातलेल्या खतातलं नायट्रेट खाली मुरतं, ते स्वतः लहान बाळांना वाईट आणि खडकातलं युरेनियम सुटं करायला मदतही करतं.

नमुना घेण्याआधी पंप पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. बाटली आणि त्यात घालायचं आम्ल प्रयोगशाळेकडूनच घ्या. टीडीएस मीटरला किरणोत्सर्ग कळत नाही. ऑनलाइन मिळणारं गायगर यंत्र बादलीवर धरूनही पिण्याच्या पाण्यातली पातळी कळत नाही. आणि युरेनियम निघालंच तर पाणी उकळू नका, उकळून पाणी आटतं आणि युरेनियम तेवढंच राहतं. आरओने ते बरंचसं निघतं.

याचा आणखी एक फायदा आहे. उद्या त्या खाणीत कुणी काहीही आणायचं ठरवलं, दगडाची भुकटी असो की शहराचा कचरा, तर तुमच्याकडे आधीची नोंद असेल. "पाणी पूर्वी असं होतं" हे सिद्ध करता न आल्यामुळे हरलेली गावं मी बघितली आहेत. एका गावात तर सगळे खरं बोलत होते आणि कागद एकाकडेही नव्हता.

तुमच्या खाणीबद्दल मी आत्ता इतकंच सांगू शकते: ती मलप्रभेच्या ज्या ओढ्यावर आहे तो ओढा तुमच्या शिवाराच्या वरून येतो की खालून जातो, हे आधी बघा. खालून जात असेल तर चिंता बरीच कमी. वरून येत असेल तर खाणीजवळची एक विहीर, तुमची विहीर आणि बाजूची तिसरी, अशा तिन्हींच्या पातळ्या दोन्ही ऋतूंत मोजून मला पाठवा. सोबत तारीख, वेळ, काठाची उंची आणि गेल्या आठवड्यातला पाऊस लिहा. बोअरची पातळी वेगळ्या कागदावर. मोजायच्या आदल्या संध्याकाळपासून तुमचा पंप बंद ठेवा, आणि शेजाऱ्यांनाही सांगून त्यांचा बंद ठेवायला लावा.